ठकाबाईचा हिवाळा

दिवाळी उरकली की आठ-दहा दिवसांत नाशिकची हवा कूस बदलते. सकाळी गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, गार वारा येतो, फडताळातलं खोबरेल थिजून पांढरं होतं आणि आमच्या घरात कुणीतरी तिळाचं तेल तापत ठेवतं. पूर्वी ते निखाऱ्यांवर तापायचं, आता गॅसवर तापतं. वास मात्र तोच. त्यात ओव्याचे चार दाणे तडतडले की माझ्या पोटात दुखायला लागतं. सत्तरी उलटली तरी दुखतं. इतरांना थंडी पडली की हुरडा आठवतो, बोरं आठवतात, शेकोट्या आठवतात. मला माझा मत्सर आठवतो. काय करणार, ज्याचं त्याचं नशीब.

यंदा घरात पणतू आहे, तीन महिन्यांचा. रोज सकाळी मी न्हाणीत पाट टाकून पाय पसरते आणि त्याला पायांवर घेते. माझे गुडघे कुरकुरतात, पण हात अजून चालतात. हा गुलाम आईपाशी असला की घर डोक्यावर घेतो आणि माझ्या पायांवर आला की गप्प, टकामका बघत राहतो. शेजारच्या बायका म्हणतात, आजींच्या हाताला गुण आहे. नातसून टॉवेल घेऊन दाराला टेकून उभी असते. तोंडावर हसू असतं, पण डोळ्यांत काही ते उतरत नाही. नातू अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला असतो, त्यामुळं तिचा तो चेहरा बघणारी मी एकटीच. मला तो चांगला ओळखू येतो. त्रेपन्न-चौपन्न वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मी रोज सकाळी तोच चेहरा घेऊन बसायचे.

सिंहस्थ होऊन गेल्यानंतरचा दुसरा हिवाळा तो. आम्ही पंचवटीत राहायचो. सासूबाई, हे आणि मी, एवढीच माणसं. हे कचेरीत कारकून होते. माझं माहेर चांदवडचं, वडील शाळामास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही जगाची रीत, पण माझी आई मला जन्म देऊन दहाव्या दिवशी गेलेली. माहेरी होती ती चुलती, आणि तिचाच व्याप तिला आवरत नव्हता. तेव्हा मी सासरीच बाळंत झाले. आश्विनात मुलगा झाला, मधू. आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ठकाबाई आली.

ती मखमलाबादहून चालत यायची. उंच, काळी, हाडापेरानं मजबूत, कपाळावर हिरवं गोंदण. आली की आधी चांदीची काकणं कोपरापर्यंत वर सारून चिंधीनं बांधायची. मग लुगडं गुडघ्यांवर खोचून पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि म्हणायची, आना. बस, एवढंच. वाण्याच्या दुकानात गूळ मागावा तसं. आणि नऊ महिने मी पोटात वागवलेलं पोर सासूबाई उचलून तिच्या नडग्यांवर ठेवायच्या.

तिचं काम बघण्यासारखं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यानंच जास्त झोंबायचं. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मांड्या. बेंबीत तेलाचा एक थेंब, आणि त्याभोवती तळव्यानं फिरत फिरत पोट. छातीवर दोन्ही हात फुलीसारखे. मग पालथा घालून पाठ, आणि पाठीवर तेलात बुडवलेला कणकेचा गोळा, जन्माची लव निघावी म्हणून. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असं ती त्याला दुमडायची आणि सोडायची. शेवटी टाळूवर तेल थापायची, तेवढं मात्र अगदी हळू. मग डाळीचं पीठ नि साय, मग कढत पाण्याचे तांबे. शेवटच्या तांब्याला काहीतरी पुटपुटायची, ते कधी मला नीट ऐकू आलं नाही. त्यानंतर ओवा-शेपाची धुरी, आणि कुंचीत गुंडाळलेलं लालबुंद पोर बाहेर यायचं ते चांगलं चार तास झोपायचं.

माझ्यापाशी मात्र ते रडायचं. मधूला पोटदुखीची खोड होती. पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून टाहो फोडायचा. मी पाजायचे, झुलवायचे, थोपटायचे, देवाला नवस बोलायचे. तो काही ऐकायचा नाही. आणि सकाळी ठकाबाईनं आना म्हटलं, की दोन मिनिटांत स्वारी गप्प. भिंतीपलीकडून मला फक्त आवाज यायचे. तेलाच्या हाताचा चपचप आवाज, तांब्याचा आवाज, आणि मधूचा हुंकार. मी बाजेवर पडलेली, कानाला फडकं बांधलेलं, खाली शेगडी. शेगडी बाजेखाली होती की माझ्या पोटात, ते देव जाणे.

बरं, हिची सत्ता नुसती पोरावर नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी ह्यांनाही तिनंच पायांवर घेतलेलं. हे कोट-टोपी घालून कचेरीला निघायचे आणि जाता जाता न्हाणीत डोकवायचे, तर ही बया ह्यांना बाळ्या म्हणायची. कचेरीत ज्यांना लोक रावसाहेब म्हणून वाकायचे, त्यांना बाळ्या! आणि हेही लाडात येऊन हसायचे. एकदा मधूला पालथा घालून ती म्हणाली, पोरानं बापाचा कमरेवरचा तीळ बी उचललाय. सासूबाई हसल्या, हे हसले. त्या तिळाचा पत्ता मला लग्नाला वर्ष झाल्यावर लागला होता, आणि तो माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही या समजुतीत मी दोन वर्षं काढली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. पोटात गच्च झालंय म्हणून सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

बाळाचं झालं की बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायचं, हेही तिचंच काम. मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं. मला गुदगुल्या होतात, म्हटलं. थाप होती ती. माझं पोर तुझ्या हातात गेलंय तेवढं पुरे, माझं अंग तुला मिळायचं नाही, असा तो ताठा होता. सासूबाई मऊ स्वभावाच्या. त्यांनीच माझ्या पाठीला चार बोटं तेल चोपडलं नि विषय संपवला. ठकाबाई जाताना दारातून म्हणाली की बाळंतिणीचं अंग असं वाऱ्यावर टाकू नये, म्हातारपणी हाडं बोलतात. माझ्या हाडांनी पुढं तिचा शब्द खरा केला, ती गोष्ट वेगळी.

सवतीचा मत्सर करायला जगानं बाईला परवानगी दिलेली आहे. सवत असली की आजूबाजूच्या चारचौघी येऊन तुमच्या बाजूनं बोटं मोडतात. जावेचाही करता येतो, नणंदेचा तर करायचाच असतो. पण पोराला तेल लावणाऱ्या बाईचा मत्सर वाटतो, हे सांगायचं कुणाला? लोक म्हणतील, अगं वेडे, ती तुझ्याच पोराचं भलं करतेय. तेच तर ना! तिनं वाईट केलं असतं तर मी भांडले असते. ती भलं करत होती आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होती. मला काही फार नको होतं. त्याला जगात सगळ्यांत आधी मी कळावी, माझ्या हातात तो शांत व्हावा, एवढंच हवं होतं. अठरा वर्षांची होते मी. मला स्वतःचं म्हणावं असं त्याच्याआधी काही मिळालेलं नव्हतं.

मधू दीड महिन्याचा असताना हसला. झोपेतलं हसणं नव्हे, माणूस ओळखून हसला. आणि हसला कुणाकडं बघून? मी तेव्हा दारात उभी होते. ठकाबाई त्याच्यावर वाकून काहीतरी बडबडत होती आणि त्यानं बोळकं पसरून तिला हसू दिलं. तिनं लगेच मला हाक मारली, सूनबाई या, बघा कसं गुलाबाचं फूल झालंय. तिच्या मनात काही नव्हतं. मी जवळ गेले तोवर त्यानं तोंड मिटलं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

याच दिवसांत कधीतरी सासूबाईंनी मला तिची हकिकत सांगितली. ठकाबाईला चार मुलं झाली होती, पण उंबरा ओलांडण्याएवढं एकही जगलं नाही. नवराही लवकर गेला. दिराच्या घरात राहायची, आणि गावोगावची पोरं पायांवर घ्यायची. सासूबाईंनी डोळे पुसले, मीही पुसले. हळहळ वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण ती हकिकत मी मनात जपूनही ठेवली. कधी उपयोगाला येईल असं वाटलं होतं का तेव्हाच? आज विचार करते तर वाटतं, होय.

मार्गशीर्षात थंडीचा कडाका पडला आणि मधूला हिरवं होऊ लागलं. अंग तापलं, दूध टाकायला लागला. वैद्यांनी घुटी दिली, वावडिंगाचं पाणी सांगितलं. दोन दिवस उतार पडेना. सासूबाई देवापाशी बसलेल्या होत्या आणि मी त्यांच्या मागं उभी राहून बोलले. फार नाही बोलले. परवा ठकाबाई त्याच्याकडं किती वेळ एकटक बघत होती, म्हटलं. तिची स्वतःची तर एकही राहिली नाहीत ना. बस, एवढंच. वाक्य पुरंही केलं नाही. ते पुरं करायला लागत नाही, समोरचं माणूसच ते आपल्या मनात पुरं करतं.

सासूबाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. असं काही बोलू नये, म्हणाल्या. पण नातू आजारी होता आणि त्यांचं मन कच्चं झालं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मधू तेल लावण्याजोगा झाला, तेव्हा त्यांनी न्हाणीत एक धुवट मलमलीचं फडकं आणून ठेवलं. ठकाबाईनं नेहमीसारखं आना म्हटलं. सासूबाईंनी मधूला तिच्या पायांवर ठेवलं आणि त्याच्या तोंडावर ते फडकं पांघरलं. म्हणाल्या, ठके, हवा गार आहे, तोंड झाकलेलं राहू दे.

हवा गार होती हे खरं, पण न्हाणीत वाफ कोंडलेली होती आणि दार लावलेलं होतं. बाळाच्या तोंडावर कुणापासून फडकं टाकतात हे ठकाबाईला सांगावं लागणार नव्हतं. तिनंच आजवर कितीक पोरांच्या गालाला तीट लावली होती आणि मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. तिनं सासूबाईंकडं पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून तेलात हात बुडवला. तळपाय, पोटऱ्या, पोट, छाती. तिनं एकही हात चुकवला नाही. मधू मात्र फडक्याखाली ओरडत होता. तो तिच्या पायांवर कधी रडला नव्हता, तो त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत रडला, कारण त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. शेवटच्या तांब्याचं पुटपुटणंही तिनं सोडलं नाही. मग त्याला पुसलं, धुरी दिली, कुंचीत गुंडाळलं आणि एरवी सासूबाईंच्या हातात द्यायची ते सरळ उठून माझ्यापाशी आली.

"घ्या सूनबाई," म्हणाली, "तुमचं लेकरू."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गवळ्याकडून निरोप आला की हात दुखतोय.

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या, तिच्यासारखीच पाय पसरून बसले आणि सासूबाईंना म्हटलं, आणा. मधू माझ्या पायांवर आला. आणि मला समजेना की सुरुवात कुठून करायची. रोज भिंतीआडून ऐकलेलं, दारातून बघितलेलं, सगळं पाठ होतं. पण हातांना काही येत नव्हतं. जोरात दाबलं तर मोडेल अशी भीती वाटायची, म्हणून मी नुसती कुरवाळायचे. तेल घ्यायला हात उचलला की तो दचकायचा. एकदा तेल जास्त कढत झालं, एकदा नाकात पाणी गेलं. तो रडून काळानिळा व्हायचा आणि मी त्याच्याबरोबर रडायचे. झोप तुटली, तशी भूक तुटली. पंधरवड्यात गालांवरचं बाळसं उतरलं. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या की काही बोलायच्या नाहीत, आणि न बोलण्याचा अर्थ मला कळायचा.

मग एक दिवस तो माझ्या पायांवरून घसरला. तेलानं अंग बुळबुळीत, माझा एक हात तांब्यावर, दुसरा पिठाच्या वाटीत. न्हाणीच्या दगडी फरशीवर तो खांद्यावर पडला. उंची वीतभर, लागलंही फारसं नव्हतं. पण पडल्यावर तो क्षणभर रडलाच नाही. तो क्षण मला अजून स्वप्नात येतो. सासूबाई धावत आल्या, त्यांनी त्याला उचललं, मग तो रडला. मी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिले. माझ्या हातून तो मेला असता. दुसऱ्या बाईनं त्याला शांत करू नये म्हणून मी त्याला मारायला निघाले होते.

ठकाबाईला निरोप पाठवा, असं हे म्हणाले. ह्यांना फडक्याचं काही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी मधूला दुपट्यात घट्ट बांधलं आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हटलं,

"तू बोललीस. तूच जा."

हल्ली बालरोगतज्ज्ञही सांगतात म्हणे, मुलांना मालीश करा, झोप चांगली लागते, वजन वाढतं, अंग धरतं. नातसुनेनं मला ते मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. नातवानं तेलाची एक बाटली आणली, तिच्यावर गोऱ्या गुटगुटीत पोराचं चित्र. चांगलं आहे बापडं, वास बरा येतो. पण हात किती भारानं ठेवायचा ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. मागच्या आठवड्यात मी नातसुनेला म्हटलं, रोज दारात काय उभी राहतेस, ये, बस. बाळाला आधी पाळण्यातच राहू दिलं आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेऊन दंडापासून बोटांपर्यंत तेल लावलं. मग दुसरा हात, मग पाय. ती आधी संकोचली, मग डोळे मिटून बसली. आता आठवड्याभरात पणतू तिच्या पायांवर रडायचा थांबलाय आणि माझ्याकडं थोडं कमी बघतो. मला जरा लागतं ते. लागू दे. तिनं विचारलं, आजी, असं शिकवायचं हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हटलं, मखमलाबादला. पुढचं तिला सांगितलं नाही. माझी पाच पोरं आणि गल्लीतली कितीतरी या हातांखालून गेली, कौतुक माझं झालं, आणि ते हात मुळात कुणाचे हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी टांगा मखमलाबादच्या वेशीपर्यंत गेला. पुढं मी मधूला घेऊन चालत निघाले. दुपारचं मऊ ऊन होतं, दोन्ही अंगांना हरभरा घाट्यावर आलेला. ठकाबाईचं घर विचारलं तर एका बाईनं बोट दाखवलं. शेणानं सारवलेलं स्वच्छ अंगण, आणि ती ओट्यावर सूप घेऊन मूग निवडत बसलेली. मला बघून उठली, घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी नि गुळाचा खडा आणून ठेवला. मग म्हणाली, पोराला तिकडं गोधडीवर निजवा, ऊन चांगलं आहे. मी मधूला निजवून आले तर ती त्याच्याकडं पाठ करून बसली होती. मला वाटलं, सहज बसली असेल. मी दुसऱ्या बाजूला सरकले, तर तीही जराशी वळली, पाठ त्याच्याकडंच राहील अशी.

मी विचारलं, हात फार दुखतो का.

"हाताला काय धाड भरलीय," ती म्हणाली.

मग मी म्हटलं, माझं चुकलं. रडत रडतच म्हटलं, आणि सगळं सांगितलं, काय बोलले ते, का बोलले ते. पोर तुमच्याकडं बघून हसलं ते मला सहन झालं नाही, हेसुद्धा सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती सुपातले खडे वेचत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं जे सांगितलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चौथं मूल गेलं तेव्हा ती स्वतःच म्हणायची, माझीच नजर वाईट. त्यानंतर वर्षभरात सासूबाईंनी तिला ह्यांच्यासाठी बोलावलं. ती यायची, पण ह्यांच्या तोंडाकडं बघायची नाही, मान फिरवून तेल लावायची. एक दिवस सासूबाई तिच्यासमोर बसल्या, तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, बघ ठके, बघ त्याच्याकडं, पोर तुझं तोंड शोधतंय. त्या दिवसापासून ती पोरांकडं बघायला लागली.

"माझी भीती तुमच्या सासूनं काढली हुती, सूनबाई," ठकाबाई म्हणाली. "ती तुमी परत घातली."

मी तिचे पाय धरले. पुन्हा या, म्हटलं, सासूबाई वाट बघतात, मी कधी काही बोलणार नाही. ती नाही म्हणाली. उद्या त्याला नुसती शिंक आली तरी तुम्ही माझ्याकडं बघाल, म्हणाली. आणि तुम्ही नाही बघितलंत, तरी मीच माझ्याकडं बघेन.

मग सूप बाजूला सारून म्हणाली, "शिकवते तुमाला. पोराला हात लावायची नाय मी. तुमचा हात आना."

तिनं घरातून तेलाची वाटी आणली, उन्हात ठेवली. काकणं वर सारून बांधली. माझा हात तिनं मांडीवर घेतला आणि दंडावरून खाली तळवा फिरवला. पहिल्यांदा मी अंग चोरलं. हात ढिला सोड, पोरी, ती म्हणाली. मी सोडला. दाबायचं नाही, सोडायचंही नाही, आपल्या हाताचं वजन तेवढं ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात एका वेळी अंगावरनं उचलायचे नाहीत. तेल घ्यायला एक गेला तर दुसरा अंगावर पाहिजे, नाहीतर पोराला वाटतं आपण पडलो. माझी चूक नेमकी तिथं होत होती. तिनं दुसरा हात घेतला, मग पाय, मग मला पालथं निजवून पाठ. खरबरीत, गरम, मोठा हात. मी घोंगडीत तोंड खुपसून पडले होते आणि माझ्या लक्षात आलं की मला असं कधी कुणी केलेलं नाही. एकदा चुलतीला विचारलं होतं, लहानपणी मला न्हाऊ कोण घालायचं, तर ती म्हणाली, कोण घालणार बाई, घर सुतकात होतं, तू आपली वाढलीस. मी रडायला लागले. ठकाबाईनं हात थांबवला नाही. इतके दिवस मी जळत होते, त्यातलं निम्मं जळणं माझ्या पोरावरचंच होतं. त्याला रोज कुणीतरी हे देत होतं.

झाल्यावर तिनं माझी पाठ कोरड्या फडक्यानं पुसली, वाटी उपडी घातली आणि काकणं सोडली. पुन्हा मी सूनबाई झाले. चार दिवस रडेल, मग तुमचा हात ओळखेल, म्हणाली. आणि सूप पुढ्यात ओढून पुन्हा मूग निवडायला बसली.

गोधडीवर मधू जागा झाला होता. तिचा आवाज त्याच्या कानावर गेला आणि त्यानं हुंकार दिला. मग हातपाय उडवत, मोठमोठ्यानं, सकाळी न्हाणीत द्यायचा तसे हुंकार तो द्यायला लागला. मी म्हटलं, ठकाबाई, तो तुम्हाला बोलावतोय, एकदा बघा ना त्याच्याकडं. अगदी मनापासून म्हटलं मी. माझ्या पोटात त्या घडीला जळण्याचा कणसुद्धा नव्हता.

तिची बोटं सुपात थांबली. पण मान काही वळली नाही.

"घेऊन जावा," ती म्हणाली, "ऊन हाय तवर."

मी त्याला कुंची घातली, खांद्याशी धरलं आणि निघाले. मला पुढची वाट दिसत होती, त्याला मागची. वळणापर्यंत तो माझ्या खांद्यावरून तिच्या पाठीला हाका मारत होता.